नेव्हेनाच्या गाडीचं तेल

"भरलंय की! काठोकाठ." त्सोन्योने गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "बघा बोगोमिलकाका, तुम्हीच बघा. म्हणजे तेलाचा प्रश्नच नाही. गिअरबॉक्स मेलाय."

पट्टीच्या टोकाला काळपट तांबडा थेंब लोंबत होता. तो मला दिसला, पण त्यावरून काय समजायचं ते कळेना. गावच्या वाचनालयात जन्म काढलेल्या माणसाला गाडीच्या पोटातलं काय कळणार? मी नुसता हुंकार भरला.

माझी बायको नेव्हेना चालकाच्या जागेवर दार उघडं टाकून बसली होती. डावा पाय तिने दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला होता. चौथ्या वर्षी पोलिओ झाल्यापासून तो पाय लोखंडी पट्ट्या आणि चामड्याच्या बंदांत आहे.

"मेलाय म्हणजे काय रे?" ती म्हणाली. "काल तर चर्चपर्यंत चढली."

"चढली, पण कशी, मावशी? इंजिन बोंबलतंय आणि गाडी गोगलगायीसारखी."

"मीपण तशीच चढते. मला कुणी भंगारात घातलं नाही अजून."

गॅरेजच्या अंगणात त्सोन्योचा बाप, म्हातारा पेन्को, हिवाळ्यासाठी ढोबळ्या मिरच्या भाजत बसला होता. तो पूर्वी ट्रक चालवायचा. धुरातून त्याचा आवाज आला, "हात लावू नका त्या तेलाला! गिअरबॉक्समधल्या झिजलेल्या चकत्यांची भुकटी असते जुन्या तेलात. तीच आता गाडी धरून ठेवतेय. स्वच्छ तेल भरलंत की संपलं."

"बाबा, तुम्ही मिरच्या बघा. करपतायत," त्सोन्यो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बदलायचं तर बदला. कुठलंही लाल तेल घ्या, लाल ते लाल. पण उगाच खर्च. असला गिअरबॉक्स उघडणारा माणूस इथे ओर्याहोवोत नाही, पार सोफियापर्यंत जावं लागेल."

आमच्या गावात सगळे क्लच दाबून गिअर बदलतात. ही आपोआप गिअर बदलणारी गाडी एकाने जर्मनीहून आणली होती आणि दोन वर्षं ती त्याच्या दारात कोंबड्यांना सावली देत उभी होती. क्लच नसलेली गाडी म्हणजे बायकी खेळणं, असं लोक म्हणायचे. नेव्हेनाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ही माझ्यासाठीच बनवलीये." ते चौऱ्याण्णव साल. तेव्हापासून पंधरा वर्षं ती या गाडीतून आसपासच्या गावांत जाते, खिडक्यांची मापं घेते, पडदे शिवते आणि नेऊन लावते. मी शेजारी बसून पडद्यांच्या दांड्या सांभाळतो. परवाना माझ्याकडेही आहे. आमच्या वेळी शाळेतच सगळ्यांना गाडी शिकवत. पण त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ती मला कधी लावायला सांगेल असंही वाटलं नव्हतं.

गाडी गेली तर काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. आमचं घर उतारावर आहे. बसचा थांबा वर, चढून गेल्यावर. गाडीशिवाय नेव्हेनाला फाटकापलीकडचं जग नाही.

"मग काय करायचं, मावशी?" त्सोन्योने विचारलं.

"बोगोमिल ठरवेल."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. आमच्या घरात भिंतीच्या रंगापासून माझ्या सदऱ्यांपर्यंत सगळं तीच ठरवते. पेन्कोसुद्धा चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

काहीतरी करायला हवं म्हणून मी ती पट्टी मागून घेतली आणि पुसली. पुसता पुसता जाणवलं की तिच्यावर बारीक अक्षरं कोरलेली आहेत. अक्षरं दिसली की ती वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण त्सोन्योसमोर खिशातून चष्मा काढून वाचत बसायची लाज वाटली.

"ही मी घरी नेली तर चालेल?"

"पट्टी? घरी?" त्सोन्यो हसायला लागला. "कशाला, सूप ढवळायला?"

"नेऊ दे रे," नेव्हेना म्हणाली. "त्याला झोपताना वाचायला काहीतरी लागतं."

पेन्कोने आम्हाला त्याच्या खटाऱ्यातून घरी सोडलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग आणि जर्मन शब्दकोश घेऊन मी बसलो. दोन ओळी होत्या. एका ओळीत तेलाच्या जातीचं नाव आणि क्रमांक दोन. दुसऱ्या ओळीत म्हटलं होतं की तेल गरम असताना आणि इंजिन चालू असताना मोजावं. मी ती पुन्हा वाचली. शब्दकोशात "चालू" या शब्दाचे सगळे अर्थ बघितले. त्सोन्यो तर नेहमी इंजिन बंद करून बघतो. मग चूक त्याची की माझ्या जर्मनची? माझ्या जर्मनचीच असणार, असं मला वाटत राहिलं.

"काय लिहिलंय?" नेव्हेनाने विचारलं. ती पायऱ्या चढून आली होती आणि उजवा गुडघा चोळत उभी होती.

मी सांगितलं. "पण मला नक्की खात्री नाही," असंही म्हटलं.

"तुला कधी असते?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी पेन्कोनेच आम्हाला सुट्या भागांच्या दुकानाशी नेलं. नेव्हेना खटाऱ्यातच त्याच्याशेजारी बसून राहिली. दुकानातल्या स्तानकाने फळीवर तीन बाटल्या मांडल्या. पहिली चकचकीत, नव्या प्रकारचं तेल, सगळ्या गाड्यांना चालतं असं म्हणणारी. दुसरीवर नाव नाही, गाव नाही, नुसतं लाल. तिसरी साधी. तिच्यावर जातीचं नाव तेच, पण क्रमांक तीन, आणि खाली बारीक अक्षरांत, क्रमांक दोनच्या जागी चालेल.

"दोन नंबर नाही का?"

"ते बनवायचं बंद होऊन युगं लोटली."

मी तिसरी बाटली उचलली आणि फिरवून फिरवून वाचू लागलो. जागी चालेल, असं कोण म्हणतंय? बनवणाराच. पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीवर नेहमी लिहिलेलं असतं की जुनीची आता गरज नाही, आणि नेमकं हवं ते पान नवीत गाळलेलं असतं. आणि पहिल्या बाटलीसारख्या, सर्वांसाठी म्हणून निघालेल्या पुस्तकांशी माझं कधीच जमलं नाही. पण तेलाला हा न्याय लावावा का? उद्या गिअरबॉक्स बसला तर नेव्हेनाला घरात बसवणारा मीच असेन.

"काका, तेल घेताय की कादंबरी?" स्तानका म्हणाली.

मी बाहेर जाऊन खटाऱ्याची काच ठोठावली. "तिन्हीतलं कुठलं घेऊ?"

नेव्हेना समोर बघत होती. "मला नको विचारूस. तू घे."

मी तिसरी घेतली. आणि जुनं तेल काढायचं नाही, कमी असेल तेवढीच भर घालायची, हेही तिथेच ठरवून टाकलं. पेन्कोचं म्हणणं खोटं, असं सांगायची माझी हिंमत नव्हती.

गॅरेजमध्ये मी चाचरत म्हणालो, "त्सोन्यो, इंजिन चालू ठेवून एकदा बघशील का? थोडी फिरवून आणल्यावर. पट्टीवर तसं लिहिलंय. म्हणजे, मला वाटतं तसं लिहिलंय."

"चालू इंजिनवर कोण तेल बघतं, काका?" पण नेव्हेनाने त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडी घेऊन गेला. परत आला, गाडी उभी केली आणि इंजिन तसंच गुरगुरत ठेवून पट्टी बुडवली. बाहेर काढून बघितली. पुसून पुन्हा बुडवली.

"बाबा!" तो ओरडला. "इकडे या! टोकालासुद्धा धड लागत नाहीये!"

"मग इतकी वर्षं काय मोजत होतास?" पेन्कोने विचारलं.

"मी काय रोज असल्या गाड्या बघतो? मला वाटलं, ते कोरलेलं म्हणजे कारखान्याचा नंबर आहे."

त्याने पुसायला खिशातून चिंधी काढली. "ती नको, तिचे धागे सुटतात," नेव्हेना म्हणाली आणि शिवणाच्या पिशवीतून अस्तराच्या रेशमी कापडाचा तुकडा काढून दिला. बारीक नरसाळ्यातून त्सोन्यो थोडं थोडं तेल ओतू लागला. ओतायचा, थांबायचा, पट्टी बुडवायचा, त्या रेशमाने पुसायचा. प्रत्येक वेळी पट्टी आधी मला दाखवायचा. पातळी खुणेला आली तेव्हा, "बास," असं मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तिथून आम्ही सरळ चढाला लागलो. वरच्या वस्तीत एका नव्या घराचे पडदे द्यायचे होते. पहिल्या वळणावर मी श्वास रोखून धरला. इंजिनचा आवाज चढला, किंचित उतरला, आणि गाडीने चढ धरला. बोंबलणं नाही, घसरणं नाही. मी नेव्हेनाकडे बघितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं.

चढ संपला की आमचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो. तिथे थांबायची पाटी आहे. गाडी पाटीशी थांबली नाही. पुढे गेली, पांढरी रेघ ओलांडून, आणि मगच थांबली. मक्याने भरलेला ट्रक भोंगा वाजवत आमच्या नाकासमोरून गेला.

नेव्हेनाने गाडी मागे घेतली, कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"हे काही तेल नव्हतं," ती म्हणाली. "हा उजवा पाय. वसंतापासून असंच चाललंय. दाबते, पण दाबला की नाही ते कळत नाही. डॉक्टर म्हणाला, चांगला पाय म्हणून जन्मभर दोन्ही पायांचं काम त्याच्याकडून करून घेतलंत. थकला तो आता."

"वसंतापासून? मग मला तेल कशाला आणायला लावलंस?"

"क्लचची गाडी तू या जन्मात चालवशील का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग? ही मेली असती तर दोघंही घरात बसलो असतो," ती म्हणाली. "उतर. इकडे ये."

ती बाहेर पडली आणि बॉनेटवर हात टेकत गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, "मी बसते, तू तुझं बघ." मी स्टिअरिंगमागे बसलो. आरसा तिच्या उंचीचा होता, तो हलवायचं धाडस मला जरा वेळाने झालं. इंजिन सुरू केलं. गिअरचा दांडा मागे ओढताच शाळेत शिकलेला माझा डावा पाय आपोआप क्लच शोधत गेला, ब्रेकवर आदळला, आणि सुटू लागलेली गाडी जागीच गचकन थांबली. मागच्या सीटवरच्या दांड्या खडखडत खाली आल्या.

नेव्हेना हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

"डाव्या पायाला काम नाही," ती म्हणाली. "मागे घेऊन ठेव. माझा असतो तसा."

मी डावा पाय मागे घेतला आणि सीटखाली दाबून धरला. गाडी सुटली, हळूच, आणि वस्तीच्या रस्त्याने चालू लागली. दुतर्फा घरं होती. त्यातल्या बऱ्याच घरांत तिच्या हातचे पडदे होते. नेव्हेनाने ते तेलकट रेशीम घडी करून मांडीवर ठेवलं आणि बाहेर बघू लागली.

"तो कोपऱ्यावरचा निळा एका बाजूने उतरलाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं येते-जाते, मला दिसलाच नाही."

मी बघितलं नाही. मी रस्त्याकडे बघत होतो.