मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांनी कुत्र्याच्या पट्ट्यात दोरी अडकवली, दुसरं टोक मुठीत घेतलं आणि नव्या शिकाऊला म्हणायचे त्याच सुरात म्हणाले, "चला, निघू या. घाई नाही."

कुत्रा निघाला. सोफ्यापाशी दोरी ताणली गेली, आणि त्याच क्षणी तो सतरंजी अंथरावी तसा फरशीवर पसरला.

"जावईबापू रुसले," कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

हे नाव तिनंच ठेवलेलं. वयानं चांगला बाप्या, बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतून आणलेला. आल्या दिवसापासून एका जागी बसून होता आणि दोनदा आग्रह केल्याशिवाय ताटलीला तोंड लावत नव्हता. मुलगी नसलेल्या घरात जावई आला तो असा.

संस्थेच्या बाई रविवारी बघायला येणार होत्या. दारासमोर वाहता रस्ता. दोरीनं न चालणारा कुत्रा तिथं निभावणार नाही, म्हणून आधी घरातल्या घरात शिकवा, असं त्यांनी बजावलं होतं. दोरी ताणली की फक्त थांबायचं. त्यानं वळून पाहिलं, दोरी सैल पडली, की खाऊ द्यायचा आणि पुढं चालायचं. नाही जमलं तर त्या त्याला परत नेणार होत्या. आधीच्या घरानंही याच कारणासाठी परत केला होता.

मास्तरांनी हे ऐकून हसण्यावारी नेलं. मोटार ट्रेनिंग स्कूल चालवणारा माणूस. भर चौकात डोळे मिटणाऱ्यांनाही त्यांनी परवाना मिळवून दिला होता. कुत्र्याचं त्यांना विशेष काही नव्हतं, असं ते म्हणत. फक्त सकाळच्या चहाला त्यांच्या हातून एक बिस्किट चुकून खाली पडे, ते रोज, आणि नेमकं त्याच्यासमोर.

पण शिकवणी काही पुढं सरकेना. दोरी ताणली की जावईबापू आडवे. मास्तरांनी पायपुसणं काढून बघितलं, पंखा बंद करून बघितला. कोपऱ्यातल्या केरसुणीवर त्यांचा दाट संशय होता. तिलाही बाल्कनीत हद्दपार केलं. शुक्रवारी त्यांनी निदान केलं, की लहानपणी याच्या मनावर काहीतरी आघात झालेला असणार.

"आघात आत्ता होतोय," बायको म्हणाली. "अहो, पाय."

"कुणाचा?"

"तुमचा. ब्रेक मारताय."

"घरात कुठला ब्रेक?"

"तेच म्हणते मी."

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय फरशीत रुतवल्यासारखा दाबलेला होता, टाचेसकट. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक असे, आणि इतक्या वर्षांत तो पाय त्यांना विचारेनासा झाला होता. दुसऱ्याच्या गाडीत तो दाबला जाई, सिनेमा बघताना दाबला जाई. आता दोरी ताणली की धाडकन फरशीवर पडत होता, आणि भूकंप झाल्यावर शहाण्यानं करावं तेच कुत्रा करत होता.

"तुमच्याकडं गाडी शिकताना मीही अशीच आडवी झाले असते," टॉवेल झटकत बायको म्हणाली. "सीटवर जागा नव्हती म्हणून राहिलं."

बायकोला गर्दीची भीती वाटते, म्हणून तिनं ड्रायव्हिंग सोडलं, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. तीही कधी नाही म्हणाली नव्हती.

"गर्दीची भीती वाटायची ना तुला?"

"गर्दीपर्यंत पोचलो कधी आपण?" तिनं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी पाय हलवायच्या आत तुम्ही गाडी थांबवलेली असायची. मला थांबवता येतं की नाही, ते कळलंच नाही हो कधी."

मास्तरांनी दोरी मुठीत उगाचच दोनदा गुंडाळली.

त्या संध्याकाळी त्यांनी बूट काढून ठेवले. आवाज थांबला, पण पाय थांबेना. त्याचा हिसका दोरीतून पोचायचाच. शेवटी त्यांनी एकच उपाय उरला तो केला. दोरी ताणली की उजवा पाय सरळ वर उचलून, एका पायावर उभं राहायचं.

पहिल्यांदा तसे उभे राहिले, तेव्हा मागं काहीच आदळलं नाही म्हणून कुत्र्यानं कुतूहलानं वळून पाहिलं. हॉलच्या मध्यावर त्याचा मालक बगळ्यासारखा उभा होता. तो बघतच राहिला. बघण्याच्या नादात दोन पावलं मागं आला, दोरी सैल पडली, मास्तरांनी तोल सावरत बिस्किटाचा तुकडा पुढं केला. मग दोघं स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले. बायकोनं तोंडासमोर चादर धरली होती. चादर हलत होती.

रविवारी बाई आल्या. जावईबापू दारापासून बाल्कनीपर्यंत ऐटीत चालून आले, वाटेत दोरी जराशी ताणताच त्यांनी स्वतःहून वळून बघितलं. बाईंचं लक्ष मात्र मास्तरांच्या पायाकडं होतं.

"ही कुठली पद्धत?"

"घरगुती," बायको म्हणाली.

बाईंनी त्याच्या कानामागं खाजवलं आणि परत न्यायचं नावही काढलं नाही. आता रोज मोकळ्या मैदानावर न्या, एवढं सांगून त्या गेल्या.

संध्याकाळी तिघं घरच्या गाडीनं गेले, तेव्हा मैदान रिकामं होतं. एका टोकाला फुटबॉलचा गोल, बाकी नुसतं गवत. फेऱ्या झाल्या, कुत्र्याला मागच्या सीटवर चढवलं, आणि मास्तर पुढं आले तर त्यांच्या जागेवर, स्टिअरिंगमागं, बायको बसलेली. आरसा नीट करत होती.

मास्तर थोडा वेळ बाहेरच उभे राहिले. मग वळसा घालून पलीकडच्या दारानं आत बसले. शिकवायच्या गाडीत जिथं त्यांचा ब्रेक असे, त्या खालच्या रिकाम्या जागेकडं त्यांनी एकदा पाहिलं. बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

"चला," ते म्हणाले. पुढं काहीतरी सांगायचं होतं, ते त्यांनी गिळलं.

गाडी दोन आचके देऊन निघाली. गोलचे खांब जवळ येऊ लागले, मग बरेच जवळ आले. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचे घोटे घट्ट धरले. मागून जावईबापूंचा श्वास त्यांच्या कानाला लागत होता.

गाडी थांबली. खांब समोर, आपल्या जागी उभे होते.

बायकोनं समोर बघतच हात बाजूला केला, तळवा वर करून.

मास्तरांनी खिशात चाचपलं, आणि तुकडा नव्हे, चांगलं अख्खं बिस्किट तिच्या हातावर ठेवलं.