खांबापासून चौथी जागा

"तिथं कोणी बसत नाय, बाई," कुंदन म्हणाली आणि चौथा चौकोन सोडून पाचव्यात जाऊन बसली.

साधनाबाईंनी तोंडातली शिट्टी काढली. कुंदन यंदाच खो-खोच्या संघात आली होती. हे तुला कोणी शिकवलं, असं विचारल्यावर ती गोंधळली. सगळ्या असंच बसतात म्हणाली; सरावाला एक जागा सोडायचीच असते ना?

साधनाबाई दिंडोरी रस्त्यावरच्या या शाळेत आल्या, तेव्हा मैदानाच्या जागी दगड आणि घाणेरीची झुडपं होती. मुलींनीच ते दगड वेचले. त्यांत मनीषा पुढे असायची. चौथी जागा तिची. अठ्ठ्याण्णवच्या गोडी छाटणीत ती द्राक्षबागेत काड्या गोळा करायला गेली आणि तिला साप चावला; ती वाचली नाही. सराव पुन्हा सुरू झाला तो तिची जागा मोकळी ठेवून. साधनाबाईंनी ती तशीच राहू दिली.

त्या मुली शाळा सोडून गेल्या, जागा मोकळीच राहिली. ऊन तिरपं झालं की तिथे एक ताठ पाठ बसल्यासारखी वाटे. साधनाबाई मान वळवून बघत नसत.

आता मैदानाला कुंपण होतं, संघाला गणवेश होता. संघ दरवर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात जाई आणि हरे. सामन्यात चौथ्या जागी कोणीतरी बसावंच लागे. पण पाठलाग करणारी सवयीने तिला ओलांडून जाई, तिला खो मिळतच नसे. यंदा हरलात तर इथे बास्केटबॉलचं कोर्ट होईल, असं मुख्याध्यापकांनी सांगून ठेवलं होतं. सामना परवावर आला होता.

"आजपासून तिथे बसायचं," साधनाबाई म्हणाल्या.

मोठ्या मुली खाली बघत राहिल्या. पलीकडे लंकाबाई फक्कीने रेघा आखत होत्या. शाळेच्या शिपाई, मनीषाची आई. त्यांनी डबा खाली ठेवला, चौकोनातले खडे पायाने बाजूला सारले आणि कुंदनला हाताला धरून आणलं.

"बस, पोरी."

"पण मावशी, ही जागा..."

"लय दिस झाले. माझी दमली आसंल बसून बसून," लंकाबाई म्हणाल्या. "खो द्या तिला. उठू द्या."

कुंदन बसली. शिट्टी वाजली. धावणारी वळली, कुंदनच्या पाठीवर तळवा पडला, "खो!" कुंदन सुटली, आणि खो देणारी त्याच चौकोनात बसली.

सगळ्या कुंदनकडे बघत होत्या. लंकाबाईंची नजर मात्र फाटकाकडे, तिथून रस्त्यापर्यंत, कोणाच्या तरी मागे मागे जात राहिली.