पान दोनशे चौदा

पान २१४

तिने कादंबरीचं शेवटचं पान समोर ओढलं आणि तळाच्या ओळीपासून वर वाचायला घेतलं, एकेका शब्दाखाली पट्टी सरकवत. मुद्रितं ती अशीच तपासायची, उलटी. सरळ वाचलं की गोष्ट हाताला धरून पळवते आणि चुका मागे राहतात. वीस वर्षांत कामाचं एकही पुस्तक तिने पहिल्या पानापासून वाचलं नव्हतं. छापखान्यात तिला शेवटबाई म्हणत; ते नाव घरीही पोचलं होतं.

"शेवटबाई, तोंड उघडू नका हं," यंत्रावरचा कारागीर लांबूनच ओरडला. "मागच्या वेळी तीनशे पानं वाया घालवलीत माझी."

"मी फक्त म्हटलं, माळी बिचारा."

"बिचारा म्हटलंत ना! तिथेच खुनी कळला."

हे पुस्तक चाळीस वर्षांपूर्वीचं, नव्याने छापायला आलेलं. म्हातारा नावाडी पुरात नाव घालतो आणि परत येत नाही. शेवटच्या ओळीत काठावर नुसती सैल दोरी. तिने दोरीची वेलांटी दुरुस्त केली आणि पुढचं, म्हणजे मागचं, पान घेतलं.

पान १

घरी मात्र तीच पानं सरळ. सासऱ्यांसाठी. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आता एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याला जेमतेम उजेड-सावली कळायची.

"नावाडी जगतो का गं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं आणि लगेच हात वर केला. "नको! सांगितलंस तर जेवणार नाही."

"मग विचारता कशाला, बाबा?"

"चेहरा दिसत नाही तुझा. आवाजात काही सापडतं का बघतो."

तेव्हापासून नावाडी आला की ती आवाज सपाट ठेवायची.

पान १८०

स्वयंपाकघरात नवऱ्याने तिच्या हातात डॉक्टरांचा कागद दिला. सवयीने तिची नजर आधी तळाला गेली. उरलेली दृष्टी वर्षभरात जाईल. उपाय नाही.

"इतक्यात बोलू नकोस," तो हळूच म्हणाला. "ते पुस्तक तरी संपू दे त्यांचं."

तिने कागद मुद्रितांच्या गठ्ठ्यात सारला. आणि रोज वीस पानं वाचणारी ती पाचावर आली. मग तीनवर.

"घसा धरलाय," ती म्हणायची.

"नावाडी पाण्यात उतरल्यापासून धरलाय," सासरे म्हणायचे. "काढा घे."

पान २१४, पुन्हा

रविवारी सकाळी ते एकच पान उरलं. सासरे खिडकीशी बसले होते, तोंड उजेडाकडे. ती वाचत गेली. पूर ओसरला, माणसं काठावर आली, दोरी दिसली.

"दोरी ताणली गेली," ती वाचत होती, "आणि नाव काठाला लागली."

कागदावर हे नव्हतं. वीस वर्षांत तिने कुणाच्या मजकुरात पदरचा एक शब्द घातला नव्हता. तिने पान पालथं ठेवलं.

सासऱ्यांचा अंगठा बोटावर फिरत होता, घड्याळाला किल्ली दिल्यासारखा.

"छान," ते म्हणाले. "पूर्वी बुडायचा."

"काय?"

"दुकानात बसून तीनदा वाचलंय मी हे. तिन्ही वेळा बुडाला."

"आणि ते जेवणार नाही म्हणत होतात, ते?"

"तू किती जपत होतीस! ते मोडवेना मला." ते हसले. "शिवाय शेवट माहीत असला की घाई राहत नाही. मधली नदी नीट ऐकू येते."

तिला कळेना, रागवावं की हसावं. यांना नेमकं काय काय माहीत होतं? कधीपासून? स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती.

"आता तो दुसरा कागद वाच," ते म्हणाले. "गठ्ठ्यातला. जाड आहे. पानं चाळतेस तेव्हा वेगळा वाजतो."

तिने कागद बाहेर काढला. बराच वेळ तो घडीतच राहिला.

"कसा वाचू, बाबा?"

"तुला जमेल तसा."

म्हणजे कसा? दोरी सैल, की ताणलेली? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे फक्त ऊन होतं. तिने घडी उलगडली आणि बोट तळाच्या ओळीवर टेकवलं.

"आणि शेवटबाई," सासरे म्हणाले, "खालून नको हं. वरून."

तिने बोट वर नेलं.

"रुग्णाचं नाव," तिने वाचलं, आणि आवाज सपाट ठेवायचं विसरली.