मुरुड की चाकूर

अण्णारावांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हापासून एसटीचा प्रवास फुकट झाला होता. पण दोन वर्षांत ते गाडीत बसले तीनदाच, आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी मयतीला. त्यामुळे मुलाच्या घरासाठी आपण रोज गाडीनं हिंडू, असं ते स्वतःहून म्हणाले तेव्हा घरात कुणाला ते खरं वाटलं नाही.

त्यांचा मुलगा आदिनाथ लातूरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायचा. सून सुकन्या नांदेड नाक्याजवळच्या शाळेत शिकवायची. सहा वर्षं दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आता स्वतःचं घर घ्यायचं होतं. आईवडिलांनाही येऊन राहता येईल असं, पुढं थोडं अंगण असलेलं. लातुरात तसं घर आवाक्यात नव्हतं. शोध हळूहळू शहराबाहेर सरकला आणि शेवटी दोन घरं उरली. एक मुरुडला, एक चाकूरला. मुरुड हे आदिनाथच्या आईचं, तारामतीबाईंचं माहेर. आणि चाकूरपासून आठ किलोमीटरवर अण्णारावांचं गाव न् शेत.

दोन्ही घरं दाखवणारा भागवत नावाचा दलाल होता. तो म्हणाला, "कुठूनबी अर्धा तास धरा. गाडीत बसलं की लातूर आलंच."

"अर्धा तास कुणाच्या घड्याळात?" अण्णारावांनी विचारलं.

आदिनाथ म्हणाला, "दादा, रविवारी आम्ही गाडीवर जाऊन आलो की. पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात."

"रविवारी रस्ता खाली असतो. तुला जायचंय सोमवारी. कामाच्या दिवशी कामाच्या टायमाला जाऊन बघायला पाहिजे. तुमाला फुरसत न्हाई, मला हाय. शेत पुतण्याच्या हाती हाय. मी बघतो."

"एकटे जाऊन काय बघणार?" तारामतीबाई म्हणाल्या. "गाडीची पाटी वाचायला तुमाला चष्मा लागतो, अन् चष्मा तुमी घरी विसरता. मीबी येते. मला अर्धंच तिकीट हाय."

असं दोघं गावाहून लातूरला मुलाकडं राहायला आले. सकाळी सहाच्या गाडीनं मुरुडला जायचं आणि तिथून नोकरीवाल्यांच्या गाडीनं परत लातूरला यायचं, असं ठरलं. संध्याकाळी पुन्हा तसंच, उलट्या बाजूनं.

पहिल्या दिवशी मुरुडची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं आधी निघून गेली. अण्णाराव घड्याळ बघून वेळ सांगायचे आणि तारामतीबाई ती डोक्यात ठेवायच्या. त्यांना शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण गेल्या बुधवारी गाडी कुठं थांबली, किती लोक उभे होते, कोण कुठं उतरलं, सगळं तोंडपाठ. अण्णारावांना याचं नवल वाटायला लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची ही हुशारी त्यांनी कधी पाहिली नव्हती, कारण तिला काही विचारायची वेळच कधी आली नव्हती.

चौथ्या दिवशी कंडक्टर ज्ञानेश्वरीनं न राहवून विचारलं, "काका, रोज येताय, रोज जाताय. नेमकं कुठं जाऊन राहिले तुमी?"

"ड्युटीवर," अण्णाराव गंभीरपणे म्हणाले.

"अन् मावशी?"

"त्या माझ्या सायब."

तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या सीटवरचे दोन तलाठीही हसले. पुढच्या दिवसापासून ज्ञानेश्वरी गाडीत चढणाऱ्यांना सांगायची, सायबांना जागा द्या.

दुसऱ्या आठवड्यात चाकूर. तिथं पहिली परीक्षा अवघड निघाली. नांदेडकडून येणाऱ्या गाड्या चाकूरला पोचेपर्यंत गच्च भरलेल्या. दोघांना अष्टामोडपर्यंत उभं राहावं लागलं. उतरल्यावर अण्णाराव गुडघे चोळत म्हणाले, "चाकूर कटलं."

"थांबा जरा," तारामतीबाई म्हणाल्या. "त्या पोरी उभ्या राहिल्याच न्हाईत. डबे घेऊन बाजूला थांबल्या होत्या. त्यांची गाडी दुसरी असंल."

तसंच होतं. सात चाळीसला चाकूरहूनच सुटणारी गाडी होती. दुसऱ्या दिवशी दोघं त्या गाडीत आरामात बसून आले. शेजारी रुद्राणी नावाची मुलगी बसली होती, लातूरला औषधांच्या दुकानात कामाला जाणारी. तिनं विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

तारामतीबाई पदर सारखा करून नीट बसल्या. मग त्यांनी नाव सांगितलं, पूर्ण.

संध्याकाळी रुद्राणी त्यांना घरी चहाला घेऊन गेली. तिचं घर आदिनाथनं पाहिलेल्या घरापासून तिसरं. अण्णाराव तिच्या वडिलांशी तुरीच्या भावावर बोलत बसले, तेवढ्यात तारामतीबाई गल्लीतल्या चार घरी जाऊन आल्या. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, कोण भांडखोर, सगळी माहिती काढली. त्या घरासमोरच्या बाईनं तर त्यांना कढीपत्त्याचं रोप देऊ केलं. "घर घेतलं तर नेते," त्या म्हणाल्या.

दोन आठवडे संपले. पण अण्णाराव म्हणाले, बाजाराच्या दिवशी मुरुडला कशी गर्दी असते ते राहिलं. मग तारामतीबाई म्हणाल्या, शनिवारी शाळा सकाळची असते, त्या टायमाची चाकूरची गाडी बघितलीच नाही. असं करता करता महिना झाला. सकाळी दोघं पाचला उठायचे. तारामतीबाई धपाटे करायच्या, दही डब्यात भरायच्या. अण्णाराव त्यांच्या आधी तयार होऊन चपला घालून दारात उभे.

भागवतचे फोन यायला लागले. चाकूरच्या घराला दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणायचा. आदिनाथ वैतागून सुकन्याला म्हणाला, "दादांनी घर बघायचं का पीएचडी करायची? दुपारी ते स्टँडवरच असतात. आज तू शाळेतून तिकडं जा अन् त्यांना सरळ विचार. हो का नाही."

सुकन्या गेली. दुपारचे दोन वाजले होते. फलाटाच्या टोकाला बाकड्यावर सासू-सासरे बसले होते, मध्ये उघडा डबा. अण्णाराव कुणा प्रवाशाची नक्कल करत होते. एक हात वर धरून, डुलक्या घेत. तारामतीबाई इतक्या हसत होत्या की त्यांना घास गिळता येईना. सासऱ्यांनी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. लग्नाच्या आठ वर्षांत सुकन्यानं या दोघांना एकत्र जेवताना पाहिलं नव्हतं. गावी सासरे आधी जेवायचे, सासूबाई सगळ्यांचं झाल्यावर, चुलीपाशी.

ती खांबाआड थोडा वेळ उभी राहिली आणि हाक न मारता परत गेली.

"काय म्हणाले?" आदिनाथनं विचारलं.

"भागवतला सांगा, अजून आठ दिवस थांब."

"कशाला?"

सुकन्यानं पाहिलं ते सांगितलं. आदिनाथनं भागवतला फोन लावला.

आठ दिवसांनी रविवारी सगळे बसले. आदिनाथला वाटलं होतं, दादा चाकूर म्हणणार आणि माय मुरुड, आणि मधल्यामध्ये आपलं मरण.

"माझं म्हणणं मुरुड," अण्णाराव म्हणाले. "लातूरला जवळ हाय. अन् हिचं माहेर हाय. जन्मभर माझ्या गावात राह्यली. आता हिच्या गावात राहू."

तारामतीबाईंनी मान हलवली. "मला न्हाई जायचं मुरुडला."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"माहेर चार दिवसांपुरतं गोड असतं. कायम राह्यलं की भावाच्या घरचं दुखणंबी आपलं, भांडणंबी आपली. तिथल्या बायका मला अजून नानाची तारी म्हणून हाक मारतात. मी सत्तर वर्षांची झाले की. चाकूरला मला कुणी वळखत नव्हतं. मीच वळख काढली. चार घरं मला नावानं वळखतात. अन् दुसरी गोष्ट. मुरुडची गाडी शहराच्या पल्याडच्या अंगानं येते. सुकन्याला स्टँडवर उतरून परत रिक्षा करून नांदेड नाका गाठायचा. पाऊण तासाचा सवा तास झाला की न्हाई? चाकूरची गाडी तिला शाळेपाशीच उतरवते. आदिनाथला दहा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या."

"सवा तास कसा?" अण्णाराव म्हणाले. "आपण तर रिक्षा धरलीच न्हाई."

"मी धरली. तुमी बाकड्यावर झोपला होता तवा."

सुकन्या हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण अण्णारावच मोठ्यानं हसले आणि मग कुणालाच आवरेना.

"आत्याबाई, तुम्ही माझ्यासाठी शाळेपर्यंत रिक्षानं जाऊन आलात?"

"चार दिवस. रोज येगळ्या टायमाला. रिक्षावाला म्हणला, मावशी तुमची पोरगी हाय का शाळंत. म्हणलं, हाव."

दसऱ्याला चाकूरच्या घरात प्रवेश झाला. देगलूरहून सुकन्याचे आईवडील आले, मुरुडहून तारामतीबाईंचे दोन्ही भाऊ आले आणि बहिणीनं माहेर नाकारलं म्हणून जेवायच्या आधी थोडे रुसले. गल्लीतल्या बायकांनी पुऱ्या लाटल्या. रुद्राणीनं पाहुण्यांना गल्लीची ओळख करून दिली, जसं काही घर तिचंच होतं.

पहिल्या कामाच्या दिवशी आदिनाथ आणि सुकन्या सात चाळीसच्या गाडीला निघाले, तेव्हा आईवडीलही आवरून तयार होते. निरोप द्यायला येत असतील असं त्यांना वाटलं. स्टँडवर हात हलवून झाला, गाडी सुटली.

मधल्या सुट्टीत सुकन्यानं फोन केला. मागं गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"आत्याबाई, कुठं आहात?"

"लोहा गेलं आत्ताच. नांदेडला जाऊन राहिलो."

"नांदेडला? काय काम काढलं?"

"काम कशाला पाहिजे," तारामतीबाई म्हणाल्या. "गाडी खाली होती. खिडकीपाशी जागा होती. संध्याकाळची भाजी चिरून ठेवली हाय, तू आल्यावर फोडणी दे." मग फोन थोडा लांब धरून त्या अण्णारावांना म्हणाल्या, "अवो, बाहेर बघा ना. किती सुंदर तूर उभी हाय."