स्पॉट नंबर चार

वीस वर्षं मी देवळीला प्राणिशास्त्र शिकवतोय आणि दरवर्षी पोरांकडून एकच वाक्य घोकून घेतो: दिसतं तेच लिहा. पुस्तकातली चित्रं पाठ करून येणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. यंदा ते वाक्य खरं मानणारी एकच निघाली, काजल. गावच्या तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायची, मायक्रोस्कोपला डोळा लावला की तहानभूक विसरायची. "सर, मले पुढं हेच शिकाचं हाये," म्हणायची. घरचे म्हणाले होते, प्रॅक्टिकलला चांगले मार्क पडले तर पाहू.

प्रॅक्टिकलला टेबलावर ओळीने मायक्रोस्कोप मांडतात. घंटा वाजली की पुढच्या स्पॉटवर सरकायचं. चौथ्या स्पॉटला मी जिवंत पॅरामेशियम ठेवलं होतं, चपलेच्या तळासारखा एकपेशी जीव. थेंब सुकतो, म्हणून आमचे लॅब अटेंडंट हिरालाल दर पाचेक मुलांमागे नवा थेंब टाकत होते. काजलचा नंबर सगळ्यात शेवटी. तिनं लिहिलं 'स्टेंटॉर', आणि शेजारी कर्ण्यासारखा जीव काढला, तोंडाभोवतीच्या बारीक केसांसकट. मी लाल शाईनं काट मारली.

"सर, मले तेच दिसलं," दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहून म्हणाली.

"एकोणतीस जणांना पॅरामेशियम दिसलं, आणि तुलाच बरा कर्णा दिसला? वाजत पण होता काय?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. ती खाली बसली आणि त्यानंतर तिनं पाण्याची बाटली आणली नाही.

आठवड्यानं हिरालाल बरण्या धूत होते. एक बाटली उचलून म्हणाले, "सर, हे फेकू काय? त्या दिवशी तुमची बरणी खाली झालती. शेवटच्या पोरांले मी ह्यातलंच टाकलं. पाणी तं पाणीच ना?"

बाटलीवर काजलच्या अक्षरात तिच्या गावचं नाव होतं. मी स्टूल ओढून मायक्रोस्कोपपाशी बसलो. मग एक थेंब पाहिला. कर्णा होता, केसांचं चक्र फिरवत निवांत जेवत होता.

हिरालालवर काय चिडणार! तिच्या आधीच्या चौघांनाही हाच कर्णा दिसला असणार. त्यांनी पाठ केलेलं लिहिलं होतं आणि मी त्यांना पैकीच्या पैकी दिले होते.

प्राचार्यांना सांगून मी तिचे मार्क दुरुस्त केले. भर वर्गात म्हणालो, "काजल, तू बरोबर होतीस. मी चुकलो." तिनं नुसती मान हलवली. तास संपल्यावर तिला लॅबमध्ये नेलं, तिच्याच बाटलीतला नवा थेंब लावला आणि म्हटलं, "बघ, आज काय आहे ते तूच मला सांग."

ती स्टुलावर बसून वाकली. बराच वेळ बघत राहिली. पूर्वी बघता बघता तिचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. आज तो मांडीवरच होता.

"काय दिसतंय?"

तिनं डोळा काढला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, तुम्ही काय ठेवलं हाये?"