उस्तादाच्या आतड्याला आलेले फुगे

उस्तादाचं पोट लोखंडाचं आहे, असं खुद्द उस्तादच सांगायचा. तरुणपणी त्यानं म्हणे पैजेवर एक वाकडा खिळा गिळला, आणि तिसऱ्या दिवशी तो सरळ होऊन बाहेर आला. ऐकणाऱ्यांपैकी कुणी 'दाखव बघू' म्हटलं नाही, म्हणून गोष्ट टिकली.

उस्तादाचं चौकाच्या तोंडाशी टायरचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं चाक आणलं की तो ट्यूब काढायचा, हवा भरायचा आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा. एका जागी बुडबुडे यायचे. गिऱ्हाईक जरा रस्त्याकडे बघायला लागलं की उस्तादाच्या बाहीतला दाभण आपलं काम करून परत बाहीत जायचा, आणि मग तीन जागी बुडबुडे यायचे. "नशीब तुमचं, वेळेवर आलात," असं वर तोंड करून सांगायचा. बायको शेजारी पॅच घासत बसलेली असायची. सत्तावीस वर्षं तिनं हे पाहिलं, पण ब्र काढला नाही. पहिल्या वर्षी एकदा काढला होता, तेव्हा नवरा महिनाभर दाभणासारखाच बोलत होता.

खाण्याचं म्हणाल तर मैद्याचा पाव, बिस्किटं, तळलेलं मांस आणि दिवसाला अकरा कप चहा. ताटात पालेभाजी दिसली की म्हणायचा, मी काय बैल आहे? पाणी प्यायला फुरसत नाही. मग सकाळी संडासात तास तासभर मुक्काम. कुंथण्याचा आवाज असा, की शेजारचा म्हातारा त्यावर घड्याळ लावायचा. बायको दारावर टकटक करून विचारायची, आहात ना अजून?

एका मंगळवारी पोटात डावीकडे, खाली, दुखायला लागलं. उस्ताद म्हणाला, उष्णता आहे. बुधवारी अंग तापलं, तर म्हणाला कॉम्प्रेसरजवळ बसतो, तापणारच. गुरुवारी तो दुकानात असा वाकून चालत होता, की एका गिऱ्हाइकाला वाटलं खाली पडलेला नट शोधतोय, आणि तोही बिचारा शोधायला लागला.

बायको म्हणाली, दवाखान्यात चला. तो म्हणाला, "अगं, एक दुखणं घेऊन गेलं की चार घेऊन परत येतो माणूस. मला शिकवू नकोस, धंदा कसा चालतो ते मला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. तिथेच तर सगळी गोम होती. जो दुसऱ्याच्या ट्यूबला भोकं पाडतो, त्याला जगातल्या प्रत्येक बाहीत दाभण दिसतो.

शेवटी तिनं शटर ओढलं आणि एका गिऱ्हाइकाच्याच गाडीत नवऱ्याला कोंबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, केसांत पेन खोचलेलं, डोळ्यांखाली रात्रपाळी. तिला पाहिल्याबरोबर उस्ताद ताठ बसला आणि हसला. काय होतंय काका, असं तिनं विचारलं. काही नाही, जरा जड वाटतंय. ताप? उन्हातून आलोय. शौचाला साफ होते? घड्याळासारखी. शून्य ते दहामध्ये दुखणं किती म्हणाल?

"दोन," उस्ताद म्हणाला. "बायको हट्टी आहे म्हणून दोन."

डॉक्टरीण गोळ्या लिहायला लागली. बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि दोनवाल्याला किती वेळ द्यायचा? बायकोचं लक्ष मात्र नवऱ्याच्या हाताकडे होतं. त्यानं टेबलाची कड अशी धरली होती की नखं पांढरी पडली होती. गोळ्या घेऊन हा माणूस घरी जाणार आणि घरीच फुटणार, हे तिला स्वच्छ दिसलं. जुनी ट्यूब फुटायच्या आधी कशी दिसते, हे तिच्याइतकं त्या डॉक्टरणीला तरी कुठून कळणार?

"बाई, लिहू नका," ती म्हणाली. "हे खोटं बोलतायत. रोज लोकांच्या ट्यूबला दाभणानं भोकं पाडतात आणि पैसे घेतात, म्हणून ह्यांना वाटतं तुम्हीपण पाडाल. त्या दोनाचे नऊ धरा. ताप कालपासून आहे. आणि संडासात तास जातो."

ज्याच्या गाडीतून आले होते ते गिऱ्हाईक दारातच उभं होतं. त्यानं एकदा उस्तादाकडे पाहिलं, एकदा खिडकीतून खाली रस्त्यावरच्या आपल्या गाडीच्या चाकाकडे.

डॉक्टरणीनं पेन ठेवलं. पोटावर डावीकडे हळूच दाबलं, आणि हात पटकन काढला. दाबताना गप्प राहिलेला उस्ताद हात काढल्यावर असा ओरडला, की खालच्या मजल्यावरच्या कळा देणाऱ्या बाईला वाटलं आपल्याआधी कुणीतरी सुटली.

मग रक्त तपासलं, स्कॅन झाला. डॉक्टरणीनं कागदावर आतडं काढून दाखवलं. पोटात खरखरीत काही जात नाही, पाणी नाही, मग मळ दगडासारखा होतो आणि आतडं जोर लावतं. भिंतीत जिथून रक्तवाहिन्या शिरतात त्या जागा कच्च्या असतात. वय झालं की तिथून छोट्या पिशव्या बाहेर येतात, टायरला फुगा येतो तशा. पुष्कळांना असतात आणि मरेपर्यंत कळत नाही. उस्तादाच्या एका पिशवीला मात्र सूज येऊन बाजूला पू धरला होता. अजून एक दिवस काढला असता तर ती फुटून सगळी घाण पोटभर झाली असती, आणि मग पोट फाडण्यावाचून इलाज नव्हता.

उस्ताद पडल्या पडल्या म्हणाला, आतून कॅमेरा घाला, हवा भरा आणि नक्की कुठे आहे ते बघा. डॉक्टरीण म्हणाली, आता नाही, सहा आठवड्यांनी. सुजलेल्या आतड्यात हवा भरली तर तिथेच फुटेल. नंतर मात्र बघायचंच, आत दुसरं काही लपलेलं नाही ना याची खात्री करायला. उस्तादानं बायकोकडे असं पाहिलं, की बघ, दुसरी फेरी लावली.

पाच दिवस सलाइन, सुया, तोंडानं नुसतं पातळ. पू थोडाच होता, औषधानं जिरला, सुरी लागली नाही. सहा आठवड्यांनी कॅमेरा झाला, आत वाईट काही नव्हतं. पिशव्या सतरा निघाल्या. उस्ताद चौकात सांगताना चाळीस सांगायचा. डॉक्टरणीनं बजावलं होतं की पिशव्या जाणार नाहीत, पण भाजी, कोंडा, पाणी आणि चालणं वाढवलं तर गप्प बसतील. आणि हे हळूहळू वाढवायचं.

हळूहळू हा शब्द उस्तादाच्या घराण्यात कुणी वापरला नव्हता. त्यानं रविवारी एका बैठकीत अख्खा कोबी, परातभर वाटाणे आणि दोन वाट्या कोंडा संपवला. सोमवारी दुपारी दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी असताना त्याच्या पोटात काहीतरी सरकलं. तो पांढराफटक पडला. एका हातात कुणाची तरी ट्यूब, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अगं, दुखतंय. खूप दुखतंय. चल."

बायकोच्या हातातला पॅच गळून पडला. असं वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. ती त्याला धरून पळवतच घेऊन गेली.

डॉक्टरणीनं दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं, नळी लावून ऐकलं. म्हणाली, काका, वारा आहे नुसता. एवढं एकदम खातं का कुणी? तेवढ्यात वाऱ्यानं स्वतःच साक्ष दिली, आणि ती अशी, की फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. डॉक्टरीण ओठ चावत कागदावर काहीतरी लिहीत राहिली. काहीच लिहीत नव्हती.

पायऱ्या उतरताना उस्ताद कानापर्यंत लाल झाला होता. "म्हणून मी खरं बोलत नाही," तो पुटपुटला.

"बोला हो," बायको त्याचा दंड न सोडता म्हणाली. "सवय नाही तुम्हाला. पहिल्या खेपेला वाराच निघायचा."