कमी ऐकणारा माईक

आमच्या वहिनीचा आवाज एरवी इतका मऊ आहे, की दाताच्या दवाखान्यात घाबरून आलेली माणसं तिच्या नुसत्या बोलण्यानं खुर्चीत सैलावतात. हीच वहिनी घरी आली की इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून पोटाच्या तळापासून किंचाळते. तिच्या संगीताला मेटल म्हणतात. पूर्वी तिचा चौघांचा बँड होता. एकेक जण नोकरीसाठी पांगला आणि शेवटी ती एकटी उरली. गिटार तिची, शब्द तिचे, किंकाळीही तिचीच.

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पंचाईत झाली. शेजारच्या अकाउंटंटचं टेबल नेमकं आमच्या भिंतीला लागून होतं. ते दोनदा येऊन अतिशय सौजन्यानं खोकून गेले. तिसऱ्यांदा यायच्या आतच वहिनीनं अ‍ॅम्प्लिफायर काढून टाकला आणि गिटारची जाहिरात दिली. रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

"जागा अडवून बसलीय नुसती," ती हसत म्हणाली. पण जेवताना टेबलावर बोटांनी ठेका धरायची तिची सवय त्या आठवड्यात गेली होती. ते माझ्या लक्षात आलं.

"वहिनी, घरच्या घरी रेकॉर्ड करता येतं की. लोक करतात."

"शास्त्रज्ञबाई, तुम्ही पाणी तपासता. यातलं काय कळतं तुम्हाला?"

"मोजायचं कसं ते कळतं."

ती माझ्याकडे वळली. "बरं. एक गाणं. माझ्या डोक्यात वाजतं तसं बाहेर आलं पाहिजे. नाही आलं, तर रविवारी गिटार जाणार आणि तू तोंड वाकडं करायचं नाहीस."

मी वाचायला बसले. सुरुवात करणाऱ्याला फार काही लागत नाही, हे वाचून हायसं वाटलं. लॅपटॉप घरात होताच. गिटारची वायर ज्यात खोचायची तो इंटरफेस नावाचा लहानसा डबा, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एक माईक, एवढंच घ्यायचं होतं. ड्रम लॅपटॉपमध्येच बोटांनी रचता येत होते. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजही लॅपटॉपच तयार करत होता, आणि तो फक्त हेडफोनमध्ये ऐकू यायचा.

डबा आणि हेडफोन निवडताना अडचण आली नाही. माईकपाशी मात्र माझ्या प्रयोगशाळेनं घात केला. पाण्यातलं कणभर शिसंही पकडणारं यंत्र ते चांगलं यंत्र, हे माझ्या हाडामासात मुरलेलं. म्हणून दुकानातला सगळ्यात संवेदनशील माईक मी उचलला. "सगळं पकडतो," दुकानदार म्हणाला. मला तेच तर हवं होतं.

गिटार झकास रेकॉर्ड झाली. शेजारी बसलेल्या आम्हाला फक्त तारांची टिकटिक ऐकू येत होती. "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" दादानं विचारलं. वहिनीनं हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि तो खुर्चीतच मागे सरकला.

मग आवाजाची पाळी आली. अकाउंटंट बाजारात गेलेले बघून वहिनीनं एक कडवं किंचाळून घेतलं. आम्ही ऐकायला बसलो. माईकनं खरोखरच सगळं पकडलं होतं. फ्रिजची घरघर होती, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची होती, किंकाळीचा भिंतींवर आपटून परत आलेला आवाज होता आणि या सगळ्यावर स्वच्छ, ठसठशीत आवाजात स्वयंपाकघरातून आई विचारत होती, "मीठ कुणी संपवलं?"

वहिनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसणं ओसरल्यावर मात्र तिनं हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. वस्तू परत करताना गुंडाळतात तशी.

मला उपाय सुचला तो आईमुळेच. आईला हल्ली कमी ऐकू येतं. त्या संध्याकाळी मी खोलीच्या या टोकाकडून तिला काहीतरी सांगत होते.

"कानाशी येऊन बोल गं," ती म्हणाली. "लांबचं मला काही ऐकू येत नाही. म्हणून तर बरं आहे. टीव्ही लावा, मिक्सर फिरवा, मी आपली निवांत."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं? दातात अडकलंय का काही?"

"आई, मला तुझ्यासारखा माईक हवाय!"

दुसऱ्या दिवशी मी माईक बदलून घेतला. हा डायनॅमिक जातीचा होता, स्टेजवर गाणारे हातात धरतात तसा. दिसायला साधा, कानानं मंद. तोंड अगदी त्याच्या जाळीला लावून ओरडावं तेव्हा कुठे ऐकणार. पण ओरडणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

"माईकचं झालं," वहिनी म्हणाली, "पण भिंतीचं काय? अकाउंटंटना थोडंच कमी ऐकू येतं?"

दादानं घसा साफ केला. "गाडीत बसून केलं तर?"

आम्ही दोघी त्याच्याकडे वळलो. हा माणूस गाडीत बिस्किटसुद्धा खाऊ देत नाही.

"दारं घट्ट लागतात. सीट मऊ आहेत, आवाज घुमणार नाही," तो खाली बघत म्हणाला. "फक्त पाय पुसून बसा."

रविवारी सकाळी आम्ही तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलो. वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन दादा, मागे मी. गिऱ्हाईक आलं तर बसवून ठेव, असं आईला कानाशी सांगून आलो होतो.

वहिनीनं माईक ओठांना लावला, डोळे मिटले आणि सुरू झाली. काचा थरथरल्या. दादानं डॅशबोर्डवर हात ठेवला. दुसरं कडवं रंगात आलं असताना काचेवर टकटक झाली. हातात कचऱ्याची पिशवी घेऊन अकाउंटंट उभे होते.

"ताई, तुम्ही आधी बाहेर या बघू," ते वहिनीला म्हणाले आणि दादाकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. "आणि तुम्ही. शोभतं का हे?"

"अहो, मी काहीच केलं नाही!"

"काका, गाणं आहे हे," वहिनी घाईघाईनं म्हणाली. "माझं. आधी भिंतीपलीकडे चालायचं ना, तेच."

"ते गाणं होतं? मला वाटायचं तुमच्याकडे ड्रिलिंग चाललंय."

वहिनीनं हेडफोन खिडकीतून पुढे केले. ते पिशवी खाली ठेवून वाकून ऐकत राहिले. जरा वेळानं त्यांची मान हलायला लागली.

"दुसऱ्या कडव्यात शब्द कळत नाहीत," ते म्हणाले.

"पहिल्यात कळले?"

"नाही. पण दुसऱ्यात जास्तच कळत नाहीत."

ते गेल्यावर वहिनीनं दुसरं कडवं पुन्हा घेतलं. मग हेडफोन लावून सबंध गाणं ऐकलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त तिचे हात बघत होते. आधी ते मांडीवर पडून होते. मग एक बोट स्टीअरिंगवर टेकलं. मग दुसरं. बघता बघता दोन्ही हातांनी तिनं असा ठेका धरला, की चुकून हॉर्न वाजला.

"हेच," ती म्हणाली. "हेच वाजत होतं डोक्यात."

वर आलो तर गिऱ्हाईक सोफ्यावर बसलं होतं, चहाचा कप रिकामा झालेला. शेजारी आई होती आणि तिचा हात गिटारच्या खोक्यावर होता.

"आजी मला हातच लावू देत नाहीत," तो बिचारा म्हणाला.

"सुनेची आहे," आई म्हणाली. "ती ठरवेल."

वहिनीनं त्याची मनापासून माफी मागितली, त्याला दारापर्यंत सोडलं आणि मी माईक घेतला त्या दुकानाचा पत्ता दिला. मीही मागून ओरडून सांगितलं, की माईक घ्यायचा असेल तर भारीतला घेऊ नका. दार लागल्यावर आईनं विचारलं, "झालं का गं किंचाळून?"

वहिनी तिच्याजवळ बसली, वाकून कानाशी तोंड नेलं आणि दवाखान्यातल्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "एक झालं, आई. आता पुढचं."